औंढ्याला नेलेलं मौन

ज्यांना औंढा नागनाथला जायचं असेल त्यांच्या सोयीसाठी आधीच सांगून ठेवतो. मनमाडला गाडी बदलावी, पूर्णेला पुन्हा बदलावी, चोंढीला उतरावं आणि तोंड बरोबर न्यावं. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी मी नीट केल्या. चौथी केली नाही, म्हणून हे प्रवासवर्णन लिहिण्याइतकं लांबलं.

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या एका कापडाच्या दुकानात मी गादीवर बसतो. माझं काम लुगडी उलगडायचं आणि बोलायचं. सकाळी दुकानाची फळी निघाली की माझं तोंड उघडतं आणि दिवेलागणीला फळ्या लागल्या की मिटतं. "बघा बाई, हात लावून बघा, काठ कसा आहे, आपटून धुवा, रंग जाणार नाही." हे मी इतक्या वेळा म्हटलंय की झोपेतही म्हणतो. खोलीतला माझा सोबती एकदा रात्री उठून म्हणाला होता, "बरं घेतो, पण आता झोपू दे."

त्या वर्षी मला चोविसावं लागलं. माझ्या बरोबरीचा एक जण पोस्टात चिकटला होता, एक रेल्वेच्या कारखान्यात लागला होता, एकाला जुळं झालं होतं. मला काहीच झालं नव्हतं. दाढी करताना एकदा आरशात माझा चेहरा दिसला आणि मी सवयीने म्हणालो, "या, बसा." तेव्हा मात्र वस्तरा खाली ठेवला. हे बोलणं काढून घेतलं तर खाली काय उरतं? उरत असेल तर ते मी कधी पाहिलंय का? वैराग्यावरची दोन-तीन पुस्तकं वाचली, थंड पाण्याने आंघोळी केल्या, एक सर्दी झाली. शेवटी ठरवलं, मौन धरायचं आणि गुरू शोधायला औंढ्याला जायचं. एका संताला त्याचा गुरू त्याच देवळात भेटला अशी कथा लहानपणापासून ऐकली होती. एकाला भेटला, तर दुसऱ्याला का नाही?

आईला सांगितलं तेव्हा ती शेंगदाणे निवडत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "दामू, तू गप्प बसणार? किती वेळ?"

"गुरू भेटेपर्यंत."

"मग गाडीत कुणी जागा दिली नाही तर काय करशील?"

मला तो प्रश्न फार क्षुद्र वाटला.

पुणे ते चोंढी

तिकीट हातात पडलं तशी मी जीभ टाळूला लावली. अडीअडचणीला लिहून सांगता यावं म्हणून पाटी आणि खडू घेतला होता. नगरच्या पुढे एक भरदार गृहस्थ डब्यात शिरले आणि थेट त्या पाटीवर बसले. मी हातवारे करून सांगू लागलो की खाली पाटी आहे. ते म्हणाले, "हो हो, पुष्कळ जागा आहे, तुम्हीही बसा." मनमाडला ते उठले तेव्हा पाटीचे चार तुकडे झाले होते. खडूचं पीठ त्यांच्या धोतराला लागून उतरून गेलं.

मनमाडहून पुढे मोगलाई लागते. निजामाच्या राज्याला आपल्याकडे अजून मोगलाईच म्हणतात. हद्दीवर करोडगिरीवाले, म्हणजे त्यांचे जकातवाले, डब्यात येतात. उंच तुर्रेदार फेटा बांधलेला एक शिपाई माझ्या ट्रंकेवर बोट ठेवून म्हणाला, "इसमें क्या है जी?" मी हात जोडले. तो म्हणाला, "सलाम ठीक है, पेटी में क्या है?" मी पुन्हा हात जोडले. त्याने ट्रंक उघडायला लावली. आत दोन धोतरं, सदरे, वैराग्याचं एक पुस्तक आणि आईने दिलेले डिंकाचे लाडू. लाडूकडे पाहून त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. "गूंगा है बेचारा," तो डब्याला उद्देशून म्हणाला, "अम्मा ने लड्डू देके भेजा. सरको जी, बच्चे को खिडकी दो." आणि मला खिडकी मिळाली. आयुष्यात प्रथमच मी न बोलता काहीतरी मिळवलं होतं. मला वाटलं, साधना सुरू झाली.

पूर्णेला छोटी गाडी पकडली. वसमतच्या बाजूला दोन्हीकडे ज्वारी उभी, कणसं दाण्यांवर आलेली, मधूनच कापसाच्या पऱ्हाट्या. पुण्याच्या माणसाला एवढी सपाट जमीन सोसत नाही. नजर टेकडी शोधत राहते, टेकायला. चोंढीला उतरलो तेव्हा उन्हं तिरपी झाली होती. स्टेशनाबाहेर एकच बैलगाडी होती, आणि तिच्या जुवाला टेकून पन्नाशीचा एक शेतकरी तंबाखू मळत उभा होता. त्याचं नाव ग्यानबा. पाहुण्यांना गाडीवर सोडायला तो आला होता.

"कोन गाव? कुठं जायचं?"

मी आकाशाकडे बोट केलं आणि हात जोडले. देवाकडे, असं मला सुचवायचं होतं.

"वर जायचं?" ग्यानबा दचकला. "आरं लेकरा, वय काय तुहं? घरी काही तकलीफ हाय का?"

मी जोरजोरात मान हलवली. मग हवेत पिंडी काढली.

"पाटा-वरवंटा?"

पिंडीवर नाग काढला. फणा काढला. डुललो.

"नागनाथ व्हय! असं सांग की." मग त्याच्या लक्षात आलं, आणि त्याचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. "आरं देवा. मुका हाय लेकरू."

मी मुका आहे असं मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण मुका नाही हे सांगायचं तर तोंड उघडावं लागणार होतं. मी गाडीत बसलो. ग्यानबाने मुका तो बहिराही असं धरलं होतं, म्हणून औंढ्यापर्यंतचा सगळा रस्ता तो माझ्या कानाला तोंड लावून ओरडत होता. "ह्यो वढा हाय! पावसाळ्यात लई वाढतो! ह्यो आंबा हाय! आंबट हाय!" बैलसुद्धा माना वळवून बघत होते. शेवटी मागून कुणीतरी ग्यानबाला हाक मारली आणि मी वळून पाहिलं, तेव्हा तो आनंदाने ओरडला, "ऐकू येतंय की!" आणि मग नेहमीच्या आवाजात बोलू लागला. देवळापाशी सोडताना म्हणाला, "माझं गाव टेकडीच्या मागं हाय. काही लागलं तर ये. ग्यानबाचं घर इचार." थोडा थांबून म्हणाला, "न्हाई, इचारशील कसं? वाटंच्या टोकाला हळदीची चुलवानं पेटलेली दिसतील, तिथं ये."

औंढा

रात्र ओवरीत झोपून काढली, सकाळी आत गेलो. देऊळ फार देखणं आहे. काळा दगड, त्यावर हत्ती, योद्धे, नाचणाऱ्या बायका, सगळं इतकं दाट कोरलंय की हात टेकायला मोकळी जागा सापडत नाही. नंदी समोर नसून मागे आहे, कारण त्याच संताच्या कीर्तनासाठी देवळाने एका रात्रीत तोंड फिरवलं, असं सांगतात. खरा देव मात्र खाली, जमिनीच्या पोटात आहे. सभामंडपातून एका अरुंद भोकातून वाकून, जवळजवळ रांगत खाली उतरावं लागतं. मी उत्साहाने उतरलो आणि कपाळ दगडावर आपटलं. तोंडातून 'आई गं' निघालंच होतं, ते दातांत धरलं आणि तसंच गिळलं.

खाली समयांचा उबारा, ओली फरशी, बेलाचा वास. जेमतेम चार माणसं बसतील एवढी जागा. मी पिंडीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि वाट पाहिली. इतक्या लांबून आलो होतो, इतका वेळ गप्प होतो. आता आतून काहीतरी येईल. आलंही. अगदी स्पष्ट शब्द आले: "काठ बघा बाई, काठ."

तिथे मला रडू आलं. एका म्हातारबांनी पाठीवर हात ठेवून म्हटलं, "भक्ती लई हाय पोराची."

बाहेर ओट्यावर एक गोसावीबाबा बसले होते. जटा, भस्म, शांत डोळे. मी समोर जाऊन नमस्कार केला, ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली. बाबांना लगेच कळलं. "मौन?" ते म्हणाले, "वा! मौनासारखं दुसरं तप न्हाई. मी लई वर्सं मौन पाळलं." आणि मग ते बोलू लागले. त्या मौनाच्या वर्षांत जे जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं त्यांच्यापाशी शिल्लक होतं. काशीचं सांगितलं, काशीच्या वाटेवरच्या आचाऱ्याचं सांगितलं, त्या आचाऱ्याच्या भावाच्या मुळव्याधीचं सांगितलं. प्रसाद आला, तो खाताना बोलले. दुपारी आडवे झाले, झोपेत बोलले. "न्हाई न्हाई," ते झोपेत म्हणत होते, "आधी माझं ऐकून घ्या."

मी त्यांच्या पायाशी बसून त्यांच्याकडे पाहत राहिलो. साठाव्या वर्षीचा मी कसा दिसेन ते मला दिसत होतं. फक्त जटांची भर.

ते उठले आणि म्हणाले, "असा शिष्य आजवर मिळाला न्हाई. आता जायाचं न्हाई कुठं." मी ट्रंक उचलली आणि टेकडीच्या दिशेने निघालो. मागून त्यांचा आवाज बराच वेळ येत होता.

टेकडीमागचं गाव

गावाचं नाव लिहीत नाही, मंडळी अजून तिथेच नांदत आहेत. ग्यानबाच्या शेतात हळद शिजत होती. मोठमोठ्या काहिलींत हळदीचे गड्डे, वर पाला, खाली धडधडता जाळ. त्या वाफेचा वास नाकात एकदा बसला की दुसरं काही बसत नाही. शिजलेली हळद अंगणभर वाळत पडलेली. मी आलो, दमलो होतो, दिसेल तिथे बसलो. उठलो तेव्हा माझं पांढरं धोतर कमरेपासून खाली पिवळं झालं होतं. दुसरं धोतर नेसलो, तेही संध्याकाळपर्यंत पिवळं. पुण्यात मी पक्क्या रंगाच्या इतक्या शपथा घेतल्या, पण पक्का रंग म्हणजे काय ते तिथे कळलं.

ग्यानबाची बायको, सखूकाकी, मला पाहून म्हणाली, "ह्योच का मुका? आरं, हडकं दिसून राहिलीत. बस जेवायला." तिने कोणतीही चौकशी केली नाही. आपल्याकडे कुणी गप्प बसला तर आपण दोनदा विचारतो आणि तिसऱ्यांदा रागावतो. तिथे माणसं गप्प माणसाची बाजू स्वतःच मांडून टाकतात. "त्याला तिखट लागलं आसंल," "त्याला घरची याद आली आसंल." मला लागायच्या आधी माझी कारणं तयार असत. ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, येसराच्या मसाला-पिठाची आमटी, सकाळी धपाटे आणि दही, आणि दुपारी शेतात आगटीवर भाजलेला हुरडा. हुरडा हातात चोळून फुंकर मारायची आणि गरम गरम तोंडात टाकायचा. गुरू मिळाला नव्हता, पण वजन वाढत होतं.

ग्यानबाचा एकुलता मुलगा महादू. माझ्याच वयाचा, रुंद खांद्यांचा, हिंगोलीला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. लग्न जमवायचं म्हणून त्याला घरी बोलावून घेतलं होतं. पहिले दोन दिवस तो माझ्याशी अवाक्षर बोलला नाही, आणि मी त्याच्याशी. आम्ही शेजारी बसून हळद पालटत होतो. मग एका दुपारी, काहिलीतला पाला काढता काढता, त्याने माझ्याकडे न बघता बोलायला सुरुवात केली.

"तुह्या शेजारी बसलं की बरं वाटतं गड्या. तू 'बोल की' म्हणत न्हाई."

मी गड्डे पालटत राहिलो.

"जिनमधी इंजन सुरू झालं की कोनाला काही ऐकू येत न्हाई. समदे मुके. मला तिथं लई बरं वाटतं. सुट्टीची शिट्टी झाली की पळून जावं वाटतं. मानसं बोलायला लागत्यात ना." त्याने पाल्याचा भारा बाजूला टाकला. "तीन ठिकानी मला पाहून गेले. समद्यांनी एकच इचारलं, पोराला वाचा हाय का? वाचा हाय. पर चार मानसं समोर आली की ती बाहेर येत न्हाई. मंग समजतं का, मी तिथं बसलेला ऱ्हातो अन् आतून म्हनतो, म्हाद्या, तू मानूस न्हाई, सरकीचं पोतं हायस."

त्याने जाळात दोन लाकडं सारली.

"नागनाथाला इचारलं, मला असं काहून केलं? त्यो बी बोलना."

माझ्या जिभेवर इतकं काही येऊन बसलं होतं की गाल दुखायला लागले. मला ओरडून सांगायचं होतं की अरे, मी उलट बाजूने तिथेच आलोय. पण मी मुका होतो. त्याने हे सगळं मुक्याला सांगितलं होतं, बोलणाऱ्याला नव्हे. आता तोंड उघडणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालण्यासारखं होतं. मी फक्त त्याच्या खांद्याला हात लावला. त्याच्या सदऱ्यावर पिवळा पंजा उमटला.

"परवा हट्ट्याला जायाचं हाय, पोरगी पाहायला," तो म्हणाला. "तू चल. तू शेजारी बसलास तर मी बोलका दिसंन."

हट्टा

हट्टा मोठं गाव आहे. आम्ही तिघं गाडीतून उतरलो, ग्यानबा, महादू आणि मी. ओसरीवर मुलीचे मामा बसले होते, झुपकेदार मिशा, मोठा आवाज. त्यांनी महादूकडे पाहिलं, माझ्या पिवळ्या धोतराकडे पाहिलं आणि म्हणाले, "नवरदेव कोनता? ह्यो तर हळद लावूनच आला!" ओसरी हसली. ग्यानबाने घाईघाईने खुलासा केला, की हे कुठलंसं मुकं लेकरू, देवाला आलं होतं, आमच्याकडे राहून राहिलं.

गूळ-पाणी झालं. मामांनी आत हाक मारली, "सुशीला आना गं!"

मी सदरा नीट केला. नजर सभ्यपणे खाली घेतली. सुशीला आली. पितळी ताटल्यांत आली. भिजवलेले मुरमुरे, कांदा, मिरची, शेंगदाणे, वर कोथिंबीर. तिकडे या पदार्थाला सुशीला म्हणतात, हे पुण्यात कुणी सांगितलं नव्हतं. मुलीचं नाव गोदावरी होतं, गोदा. ती मागाहून आली, पाट ओढून बसली आणि तिने एकदाच, सरळ, महादूकडे पाहिलं. मग उठून दाराआड गेली.

"बोला जावईबापू," मामा म्हणाले, "हिंगोलीला काय काम करता?"

महादूने ताटली डावीकडून उजवीकडे सरकवली.

"पगार बराबर मिळतो का?"

महादूने आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"बरं, ते ऱ्हाऊ द्या. सुशीला कशी झाली?"

एवढं तरी, मी मनात म्हणत होतो, महादू, 'चांगली' म्हण. तीन अक्षरं आहेत. महादूच्या कपाळावर घाम आला होता. मामांनी मिशीवर बोट फिरवलं आणि ओसरीकडे वळून म्हणाले, "ग्यानबा, यातला मुका नक्की कोनता म्हनालात?"

सगळे हसले. आतून बायकाही हसल्या. आणि मी महादूचा चेहरा पाहिला. तो आता आतून स्वतःला सरकीचं पोतं म्हणत असेल, हे मला ठाऊक होतं.

माझं तोंड उघडलं. मी उघडलं नाही, ते उघडलं.

"मामा, माल ओळखायचा तर नुसता वरून बघू नका! हात लावून बघा! हा पोरगा म्हणजे अस्सल सूत आहे, भेसळ नाही! आपटा, पिळा, उन्हात घाला, रंग जाणार नाही! हिंगोलीच्या जिनमध्ये याला विचारल्याशिवाय इंजन सुरू होत नाही! कुस्तीत याच्यापुढे कुणी टिकत नाही! घोड्यावर बसला म्हणजे शिवेवरचे लोक उभे राहतात! असा नग पुन्हा येणार नाही, मामा, पुढच्या गिऱ्हाइकाने नेला तर मग मला बोल लावू नका!"

एवढ्या दिवसांचं साठलेलं होतं. थांबलो तेव्हा ओसरीवर मुरमुरा पडला असता तर ऐकू आला असता.

मग ग्यानबाने हंबरडा फोडला. "वाचा फुटली! नागनाथा, मुक्याला वाचा फुटली!" त्याने मला मिठी मारली. आतल्या बायका धावत बाहेर आल्या. एक म्हातारी माझ्या पिवळ्या पायांवर डोकं ठेवू लागली, मी पाय काढून घेत होतो, ती दुसरा पाय धरत होती. मामा उभे राहिले, टोपी सरळ केली आणि गहिवरून म्हणाले, "देवानंच सोयरीक बोलली. आता आमी कोन? नारळ आना रे!"

मी हळूच महादूकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"तुला बोलता येतं," तो म्हणाला.

"महादू, ऐक..."

"तुला पहिल्यापासून बोलता येत होतं. मी तुला समदं सांगत होतो, अन् तू..." तो उभा राहिला. मग ज्याची वाचा चार माणसांत बाहेर येत नाही त्या महादूने सगळ्यांकडे तोंड करून बोलायला सुरुवात केली. आवाज मोठा नव्हता, पण थांबत नव्हता.

"कोनाला वाचा फुटली न्हाई. ह्यो लबाड हाय. अन् ह्यानं सांगितलं ते समदं खोटं हाय. मला कुस्ती येत न्हाई. घोड्यावर मी कधी बसलो न्हाई, मला घोड्याचं भ्या वाटतं. इंजनाशी माझा काही संबंध न्हाई, मी सरकी वढतो. चार मानसांत मला बोलता येत न्हाई. पुढं येईल असं बी मला वाटत न्हाई. काम करतो, खोटं बोलत न्हाई, कोनावर हात उचलत न्हाई. जसा हाय तसा ह्यो इथं उभा हाय. नारळ फोडायचा तर ह्याच्यासाठी फोडा, न्हाईतर आमी गाडी जुंपतो." आणि मग, जणू काही राहून गेलं होतं म्हणून, "सुशीला चांगली झाली."

मामांच्या हातात नारळ तसाच होता. तेवढ्यात दाराआडून मुलीचा आवाज आला, जरा रागावलेलाच.

"मामा, या घरात बोलनारे लई झाले. ह्यो चालंल मला."

मामांनी दाराकडे पाहिलं, मग आपल्या मिशांकडे बोट नेलं, ते मध्येच थांबवलं आणि नारळ फोडला.

माझा हिशेब मग ओसरीवरच झाला. मी सगळं सांगितलं. दुकान, चोविसावं वर्ष, मौन, गुरू. लोक चमत्कार हातचा गेला म्हणून जरा नाराज होते. ज्या म्हातारीने पाय धरले होते ती म्हणाली, "मंग मी वाकले ते फुकटच?" मामा विचारात पडले होते. "गुरू पाहायला निघालास अन् तोंड बंद करून?" ते म्हणाले. "मंग त्यानं तुला इचारलं आसतं, बाबा, दुखतंय कुठं, तर सांगनार कसं होतास?" मी ताटलीतले मुरमुरे मोजू लागलो. पुणेरी माणसाकडे उत्तर नसतं असा प्रसंग त्यांच्या पाहण्यात पहिलाच असावा, कारण त्यांनी माझ्या ताटलीत आणखी सुशीला वाढायला सांगितली.

परतीच्या वाटेवर

ग्यानबाने बैल गावाच्या वाटेला वळवले. मग म्हणाला, "मी तुह्या कानात वरडत होतो, तवा तरी सांगायचं. माझा घसा बसला होता रे."

सखूकाकीला कळलं तेव्हा ती आधी सोयरिकीसाठी हसली, मग माझ्यासाठी कपाळाला हात लावून हसली. त्यानंतर निघेपर्यंत मी तिच्याशी बोललो. चुलीपाशी, अंगणात, हळद भरताना. पुण्याचं सांगितलं, आईचं सांगितलं, लुगड्यांचं सांगितलं, खोटे आणि पक्के रंग कसे ओळखावे तेही खरं खरं सांगितलं. ती ऐकत असे. एकदा म्हणाली, "मुका होतास तवा जास्ती जेवायचास." पण हसत म्हणाली. मला त्या दिवसांत एक गोष्ट जाणवली. बोलणं काढून टाकलं तर आत कुणी वेगळा, खोल, शहाणा दामू बसला असेल असं मला वाटलं होतं. तसा कुणी नव्हता. आत तोच होता, फक्त कोंडलेला. त्याची मला आता तितकीशी लाज वाटत नव्हती. खोटं मात्र कमी सांगायला हवं होतं, आणि ते मौनापेक्षा अवघड जाणार होतं.

महादू माझ्याशी बोलत नव्हता. पण आता त्याचं न बोलणं वेगळं होतं, मला ओळखू येत होतं. चोंढीला सोडायला कोण जाणार असं ग्यानबाने विचारलं, तेव्हा तो उठून बैल जुंपायला गेला.

सगळा रस्ता आम्ही शेजारी बसून होतो. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. स्टेशनावर पोचलो. गाडीला अवकाश होता. तो फलाटाच्या कडेला उकिडवा बसला आणि एक काडी घेऊन मातीत रेघा मारू लागला.

"मी सांगितलं ते समदं ऐकलंस," तो म्हणाला.

"ऐकलं."

"सरकीच्या पोत्याचं बी."

"ते मी घरी जाईपर्यंत विसरेन."

"खोटं बोलू नको."

"बरं. नाही विसरणार. पण मीसुद्धा तसलंच काहीतरी पोतं आहे, महादू. फक्त माझ्यातून आवाज येतो."

त्याच्या मिशीचं टोक जरा हललं. तो हसला असं म्हणता येणार नाही. "कोनाला सांगशील?"

"नाही."

"सांगशील. तुला राहवनार न्हाई." त्याने काडी मोडली. "सांग. पर नाव बदल."

"काय ठेवू?"

त्याने विचार केला. फार विचार केला. गाडीचा धूर दिसला तरी तो विचारच करत होता. गाडी आली, मी ट्रंक वर ढकलली, सखूकाकीने बांधून दिलेले धपाटे त्याने माझ्या हातात दिले, तरी त्याचं ठरलं नव्हतं. शिट्टी झाली. डबा हलला. मी दारात उभा राहून हात केला. गाडीने वेग घेतला तसा तो एकदम धावू लागला, फलाट संपेपर्यंत धावला, आणि इंजिनाच्या आवाजावर, स्टेशनातल्या सगळ्या माणसांसमोर, गळा फाडून ओरडला:

"महादूच ठेव!"